दोनदा मोकळी झालेली खोली

तिला कारखान्यात सगळे परतबाई म्हणायचे. नाव काही वाईट हेतूनं पडलेलं नव्हतं. तिच्या तोंडात दिवसभर एकच वाक्य असायचं, "घेतलं ते परत दिलं का?" मशीनवरच्या बायकांनी ते उचललं आणि तिच्या गळ्यात बांधलं. कुणी कात्री घेतली तरी मागनं आवाज यायचा, "परत दे गं बाई, नाहीतर परतबाई येईल!" तीही हसायची. आपल्यावर हसता येणारी बाई होती ती.

कारखाना होता भरतकामाच्या मशिनींचा. एका लोखंडी दांडीवर ओळीनं सुया, खाली कापड ताणून धरणारी चौकट, आणि ती चौकट अशी सरसर सरकते की फूल, पान, वेल बघता बघता उमटतं. हे सगळं करतो कोण? तर मशीनच्या पोटातला कॉम्प्युटर. आणि त्या कॉम्प्युटरला काय करायचं ते सांगणारा प्रोग्राम लिहिणारी ही परतबाई. वरच्या मजल्यावर तिची खोली. खालच्या सुयांचा कडकडाट फरशीतनं तिच्या पायांना लागायचा. आवाजात जरा फरक पडला की ही खुर्चीतनं उठलीच. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशी जाऊन मशीनला हात लावायची.

आता तिचं काम काय होतं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. कॉम्प्युटरला डोकं असतं म्हणतात, पण त्या डोक्यात जागा मोजकी. समज, एक लॉज आहे. खोल्या ठरलेल्या. प्रत्येक नक्षी, प्रत्येक टाक्यांची ओळ म्हणजे एकेक पाहुणा. पाहुणा आला की काउंटरवर मॅनेजरकडे खोली मागायची. काम झालं, पाहुणा गेला, की काउंटरवर येऊन सांगायचं, "खोली मोकळी झाली हो." मग मॅनेजर ती दुसऱ्याला देणार. सांगायला विसरलात तर? खोली रिकामी पडून, पण नावावर तुमच्याच. असं करता करता लॉज भरतो, नवा पाहुणा दारात उभा, आणि मशीन बंद. त्याला हे लोक गळती म्हणतात. परतबाईनं आपल्या प्रोग्राममध्ये हे सांगणं एकेक करून स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. एवढ्या वर्षांत तिची खोली कधी अडकून राहिली नाही. डोळ्यात तेल घालून बघायची.

दुसरी तऱ्हा प्रोग्राम लिहायच्या नव्या भाषांची. तिथं कुणी काही सांगायचं नाही. लॉजमध्ये एक झाडूवाला असतो. तो अधूनमधून फेरी मारतो, दार दार वाजवतो, "या खोलीची किल्ली कुणाच्या हातात आहे का?" कुणाच्याच नसली की खोली झाडून मोकळी करतो. किती सोपं! विसरायला काही उरतच नाही. पण खोट एक, झाडूवाला फिरायला लागला की म्हणतो, सगळे जागच्या जागी उभे राहा. पापणी लवायच्या आतलं काम असतं त्याचं. पण सुई कापडात रुतलेली असताना चौकट पापणी लवेपर्यंत थांबली किंवा उशिरा सरकली, तर दोरा तुटतो. मालकानं एकदा करून बघितलं होतं. दोरा तटकन तुटला आणि मशीनवरची ताई म्हणाली, "साहेब, हा झाडूवाला आमच्या कामाच्या वेळेत नको. दुपारी जेवायला जातो ना आम्ही, तेव्हा पाठवा." तेव्हा मालक हसला खरा, पण त्याच्या डोक्यातनं ते गेलं नव्हतं. नवी पोरं सगळी नवीच भाषा शिकून येतात, जुनी जाणणारी ही एकटी. उद्या ही गेली तर? त्याचंही काही चूक नव्हतं.

तर, परतबाईचा धाकटा दीर. नवरा जहाजावर. येणार, राहणार, जाणार. घरात म्हणाल तर सासूबाई, ही आणि हा दीर. लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता, पाढे चुकायचा. हिनं त्याला मांडीशी बसवून शिकवलं. दीर म्हणून "भाऊजी, तुम्ही" म्हणायची पद्धत, पण हिला पाढे चुकणाऱ्या पोराला अहो-जाहो करायला हसू यायचं. म्हणायची, "धाकट्या, इकडे ये." पुढं तो कॉम्प्युटर शिकला, तोही हिच्याकडे बघूनच. मालकाच्या हातापाया पडून हिनं त्याला आपल्या खोलीत खुर्ची मिळवून दिली.

कामाची वाटणी अशी की सुयांची बाजू हिची आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरची, म्हणजे नक्षी दाखवायची, निवडायची, ती त्याची. टाक्यांच्या ओळी दोघांच्या मध्ये जायच्या-यायच्या. मग प्रश्न आला की खोली मोकळी झाल्याचं सांगायचं कुणी? हिनं सांगायचं की त्यानं? हा नियम ऑफिसात ठरला नाही बरं का. घरी ठरला, जेवताना. सासूबाईंची शिस्त होती, ज्यानं ताट घेतलं त्यानंच ते उचलायचं. तो आपलं ताट तसंच ठेवून उठत होता, तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "ए, ताट कुणाचं?" आणि परतबाई टाळी वाजवून म्हणाली, "हेच! धाकट्या, हाच आपला नियम. ज्यानं खोली मागितली, त्यानंच मोकळी म्हणून सांगायचं. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. ओळींच्या खोल्या मी मागते, मीच सोडणार. कळलं?"

"कळलं गं. आता ताट पण तूच उचल," तो म्हणाला, आणि उठून गेला. तिनं उचललं. हसत उचललं. सासूबाई म्हणाल्या, "तूच लाडावून ठेवलायस त्याला."

कामातही तेच चालायचं. त्याच्या बाजूच्या खोल्या अडकून राहायच्या, ही मागनं जाऊन सोडवून यायची. बोलायची नाही कुणाला. आपलंच माणूस, झाकली मूठ. एकदा मात्र मालकाच्या लक्षात आलं आणि त्यानं सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, "वहिनी पुसते म्हणून तुझा ओटा स्वच्छ दिसतोय रे!" पोराचा चेहरा उतरला. परतबाईला वाईट वाटलं. तिनं संध्याकाळी त्याला समजावलंही. पण त्या दिवसापासनं त्याच्या मनात काहीतरी वाकडं शिरलं ते शिरलंच.

थोड्या काळानं मशिनी वेड्यासारख्या वागायला लागल्या. गुलाबाची पाकळी निघतेय निघतेय आणि मध्येच त्यात कुणाचं तरी अक्षर. खिडकीच्या पडद्याच्या कापडावर वेल जाता जाता एकाएकी पक्ष्याचा पाय! बायका आधी हसल्या, "परतबाई, तुमच्या वेलीला पाय फुटले." मग कापड वाया जायला लागलं तसं हसू आटलं. आणि हे रोज नाही, प्रत्येक वेळी नाही. कधी सकाळभर सुरळीत, कधी सुरू केल्या केल्या. असलं दुखणं सगळ्यात वाईट. वैद्य आला की बरं वाटतं, वैद्य गेला की पुन्हा पोटात कळ.

मालकानं दोघांना बोलावलं. म्हणाला, "मोठं गिऱ्हाईक येणार आहे मशीन बघायला. तोवर कारण सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर परतबाई, मी सगळंच नव्या भाषेत करून घेणार, सुयांसकट. मोठा कॉम्प्युटर लावू, झाडूवाला चट्कन फिरेल. आणि तुमच्या धाकट्याला ते येतं."

म्हणजे बघ, बाईनं अख्खं वय घालून उभं केलेलं काम, ते जाणार. आणि कामाबरोबर तिची खुर्ची. तिनं खालच्या मानेनं "शोधते" म्हटलं.

शोधायला लागली. आपलीच बाजू उकलून बसली. म्हणाली, माझीच कुठली तरी ओळ कुंपण ओलांडून शेजारच्या खोलीत शिरत असणार. धाकट्याला विचारलं, "तुझ्या बाजूला बघितलंस ना नीट? माझ्या ओळींना कुठं हात लागत नाही ना?"

"वहिनी, शपथ. मी सगळं चाळलं. तुझं मी काही सोडत नाही."

"शपथ कशाला घालतोस, मी काय पोलीस आहे?" ती म्हणाली, आणि त्याच्या प्रोग्रामचं झाकण तिनं उघडूनसुद्धा बघितलं नाही. शब्द दिला ना त्यानं. विषय संपला.

तो तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसायचा. "इथं बघ वहिनी, इथं गळती असेल." ती बघायची, नसायची. "मग इथं असेल." तिथंही नसायची. चहा आणून द्यायचा. "डोळे लाल झालेत तुझे, जरा पड," म्हणायचा. तिला भरून यायचं. सासूबाईंना सांगायची, "आई, पोरगं किती धावतंय माझ्यासाठी."

मग एक दिवस जेवायला बसले होते तिघं. परतबाईचं लक्ष नव्हतं, घास हातातच. सासूबाई वैतागल्या, "काय गं झालंय तरी काय त्या मशीनला? दोघं सुतकात असल्यासारखे जेवताय. मला कळेल असं सांगा की कुणीतरी!"

धाकटा मोकळा माणूस, बोलायची हौस. पाणी प्यायला आणि म्हणाला, "आई, समज नवरा-बायको लॉजमध्ये उतरले. निघताना नवऱ्यानं काउंटरवर सांगितलं, खोली मोकळी झाली. मॅनेजरनं लगेच तिथं दुसरं बिऱ्हाड घातलं. तेवढ्यात मागनं बायको आली. तिला माहीतच नाही नवऱ्यानं सांगितलंय ते. तीही म्हणाली, खोली मोकळी झाली. मॅनेजरनं काय केलं? तिसऱ्या पाहुण्याला त्याच खोलीत पाठवलं!"

"अगंबाई! आत तर ते दुसरं बिऱ्हाड झोपलंय!"

"झोपलंय ना! हा अंधारात जाऊन त्यांच्या पांघरुणात शिरला. मग गुलाबात अक्षर आणि वेलीला पाय. दुसरं काय होणार?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. परतबाईसुद्धा हसली. हसली, आणि हसता हसता तोंड तसंच उघडं राहिलं तिचं. कारण एवढे दिवस सगळे गळती नाहीतर ओलांडलेलं कुंपण शोधत होते. दोनदा मोकळी केलेली खोली हा शब्द कुणी काढलाच नव्हता. ना मालकानं, ना तिनं, ना... आणि हा तर एखादी गोष्ट पाठ असल्यासारखा सांगतोय. नवरा आधी, बायको नंतर. कोण आधी गेलं तेसुद्धा याला ठाऊक!

तिनं घास खाली ठेवला, हात धुतले.

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी तिनं त्याच्या बाजूचं झाकण उघडलं. फार शोधावं लागलं नाही. टाक्यांच्या ओळी पडद्यावर दाखवून झाल्या की तो त्या सोडून देत होता. तिनं मागितलेल्या. आणि मग ती आपल्या शिस्तीनं, नियमाप्रमाणे, तीच खोली पुन्हा मोकळी म्हणून सांगत होती. तिच्याच शिस्तीनं तिच्या पायात पाय घातला होता. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते हे.

तो आला तेव्हा ती जिन्यात उभी होती. खालनं सुयांचा आवाज येत होता, म्हणून जवळ जाऊन बोलावं लागलं.

"कधी कळलं तुला?"

तो आधी "काय?" म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं "काय" गिळलं.

"आधी नव्हतं कळलं, वहिनी, खरंच. मालक बोलले ना मला गळतीवरनं, सगळ्यांसमोर... तेव्हा मी दिसेल ते सोडत सुटलो. की पुन्हा कुणी बोलायला नको. तुझंही सुटलं त्यात."

"ते चुकीनं झालं. चूक होते. मी विचारतेय, कळलं कधी?"

"...पाकळीत अक्षर आलं ना, तेव्हा."

"म्हणजे पहिल्याच दिवशी." ती कठड्याला धरून उभी राहिली. "मग माझ्या शेजारी बसून काय शोधत होतास रे?"

तो एक पायरी खाली उतरला.

"चहा आणून देत होतास. पड म्हणत होतास."

"मालक म्हणाले, जुनं काढायला निमित्त पाहिजे. सगळं नव्यात केलं की मला प्रमुख करतो म्हणाले. मला वाटलं, आपोआप होतंय तर होऊ दे. तू पण दमलीस गं वहिनी. किती दिवस हातानं उष्टी काढत बसणार? तुझ्याविरुद्ध नव्हतं ते, तुझ्या प्रोग्रामविरुद्ध..."

"शपथ घेतली होतीस," ती म्हणाली. एवढंच. केसानं गळा कापला की रक्त लगेच येत नाही.

मालकापुढे तिनं आदळआपट केली नाही. धाकट्याच्या प्रोग्राममधली ती ओळ काढली आणि खाली मशीन लावलं. खिडकीचा अख्खा पडदा, कडेपासनं कडेपर्यंत, वेल न चुकता धावली. ताईनं दोरा बदलायच्या निमित्तानं येऊन हात लावून बघितला आणि म्हणाली, "लागलं बाई मार्गाला."

मालकानं ते कापड वर आपल्या खोलीत मागवून उलटून बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे दोघंही सोडत होतात. पण सोडायचं कुणी, हे ठरलेलं नव्हतं का?"

"ठरलं होतं," परतबाई म्हणाली. "जो मागेल तो सोडेल. मी सांगितलं होतं याला. सांग की धाकट्या."

आणि धाकटा, खिडकीबाहेर बघत, म्हणाला, "असं काही ठरल्याचं मला आठवत नाही."

बाई, तिला वाटलं आपल्याला ऐकू कमी आलं. खाली सुया चालू होत्या ना. तिनं परत विचारलं, "काय?"

"तुझ्या मनात असेल, वहिनी. मला सांगितल्याचं आठवत नाही."

मालकानं हात झटकले. "हे बघा, यात मी पडत नाही. पण मी काय म्हणत होतो ते हेच. कोण कुणाला काय म्हणालं, कुणाला आठवतं, कुणाला नाही... माणसाच्या शब्दावर ठेवायचंच कशाला? झाडूवाला कुणाचं ऐकत नाही. स्वतः दार वाजवून बघतो."

आयुष्यभर ती उलट सांगत आली होती की, नीट माणूस असला तर झाडूवाला कशाला. आता नीट माणूस आणायचा कुठनं?

निकाल लागला तो असा की सुयांची बाजू तशीच राहणार, तिच्याकडे, हातानं चालणारी, कारण दोरा खरंच तुटत होता. पडद्याची बाजू नव्या भाषेत जाणार. आणि दोन्हींवर प्रमुख धाकटा. म्हणजे काम वाचलं बाईचं. पण तिला कामाचं काही वाटेनासंच झालं होतं. तिला एकच हवं होतं, कुणीतरी एकानं म्हणावं की हो, तू सांगितलं होतंस.

आणि तसं एक माणूस होतं घरात.

ती घरी आली, चप्पल काढली आणि तशीच सासूबाईंपुढे जाऊन बसली. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आई, तुम्ही होतात. ताटावरनं बोलणं निघालं होतं. तुम्हीच ओरडलात त्याला. मी म्हटलं नव्हतं का, ज्यानं मागितलं त्यानंच सोडायचं?"

सासूबाईंचे हात थांबले. आतल्या खोलीत धाकट्याच्या खुर्चीचा आवाज झाला. त्याला ऐकू जात होतं. सासूबाईंनी एकदा त्या दाराकडे बघितलं, एकदा हिच्याकडे. त्यांचेच दात आणि त्यांचेच ओठ.

"मला काय कळतं गं तुमच्या त्या मशीनमधलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं सारखं काहीतरी बोलत असता. माझ्या नाही लक्षात."

आणि हातातल्या उशीच्या खोळीची घडी पुन्हा मोडून पुन्हा घालायला लागल्या. ताटावरनं कुणाला कधी काय बोलल्या, ते दहा-दहा वर्षांचं पाठ असलेली बाई ती!

परतबाई उठली. भांडली नाही, रडलीही नाही त्यांच्यासमोर. स्वयंपाक केला, वाढलं. वाढताना म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला अजून हवंय का?"

त्यानं घास सोडून पाण्याचा पेला उचलला. सासूबाई म्हणाल्या, "हे काय नवीन? भाऊजी कधीपासनं?"

"मोठे झाले ते आता," ती म्हणाली. "प्रमुख झाले."

त्यानंतर घरात आवाज कधी चढला नाही. बाहेरनं बघणाऱ्याला वाटावं, किती मर्यादेनं राहतात. मर्यादाच होती ती. फरशी लख्ख होती, पण पायाला गार लागायची.

ऑफिसात पडद्याची बाजू नवी झाली. तो टाक्यांच्या ओळी तिच्याकडे पाठवायला लागला तेव्हा आपणहून म्हणाला, "वहिनी, मी सरळ तुझ्या हातात देतो. माझ्याकडनं काही हलणार नाही आता. तू तीच वापर, वेळ वाचेल."

"नको, भाऊजी. तुमचं तुमच्याकडे असू द्या. मी माझी प्रत करून घेते."

आणि तसंच करते ती. त्याच्याकडनं जे येईल, एकेक टाका, ते आधी स्वतः मागून घेतलेल्या खोलीत उतरवून घेते. उतरवून झालं की त्याच्याकडे वळून बघत नाही. त्याचं राहिलं काय, झाडलं काय, तिला कर्तव्य नाही. आपल्या प्रतीवर सुया चालवते आणि आपली खोली आपण सोडते. दुप्पट काम पडतं. कॉम्प्युटरलाही पडतं.

मशीनवरच्या ताईचा हात तयार, तिच्या लगेच लक्षात आलं. वर येऊन दारातनं म्हणाली, "परतबाई, मशीन आधीपेक्षा जरा जड चालतंय का हो?"

"चालतंय," ती म्हणाली. "चालू दे."